आतषबाजीचे फोटो: शटर किती वेळ उघडं ठेवायचं?

निशाचर
रात्रीच्या आतषबाजीचे फोटो कसे काढायचे हा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरलेली राहतात. म्हणून हा वेगळा धागा. सुरुवात सेटिंगपासून करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

मोड मॅन्युअल किंवा बल्ब (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. ॲपर्चर (लेन्समधलं छिद्र; एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं लहान) एफ/११. फोकस मॅन्युअल. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). शटर दोन ते सहा सेकंद. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि शटर केबल रिमोटने. एवढ्या भांडवलावरही बऱ्यापैकी फ्रेम मिळतात. पुढचं सगळं उरलेल्या फ्रेम का बिघडतात याबद्दल.

मुख्य मुद्दा पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: फुलाची (आकाशात फुटलेल्या गोळ्याची) रेघ किती उजळ येणार हे शटरच्या वेळेवर ठरत नाही. जळणारा कण सतत पळत असतो. सेन्सरवरच्या एका पिक्सेलवर तो क्षणभर असतो आणि पुढे सरकतो. शटर दोन सेकंद उघडं असो की आठ, त्या पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश तेवढाच येतो. त्यामुळे रेघ जळून पांढरी पडत असेल तर शटरची वेळ कमी करून काही होत नाही; एफ/११ वरून एफ/१६ वर जा. फिकी येत असेल तर एफ/८. शटरच्या वेळेवर अवलंबून असतात त्या तीन गोष्टी: एका फ्रेममध्ये किती फुलं मावणार, रेघ किती लांब होणार, आणि जे हलत नाही (आकाशातला शहराचा उजेड, इमारती, रेंगाळणारा धूर) ते किती उजळणार.

हे डोक्यात पक्कं बसलं की मैदानावर फक्त दोन प्रश्न उरतात. रेघेचा रंग गेला का? ॲपर्चर. आकाश राखाडी झालं का? शटर.

आता मेनूमधल्या गोष्टी, ज्या घरीच बदलून ठेवायच्या:

लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद. ते चालू असेल तर पाच सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून आणखी पाच सेकंदांची काळी फ्रेम घेतो आणि ती मूळ फोटोतून वजा करतो. तोवर तुम्ही नुसतेच उभे आणि आकाशात पुढची दोन फुलं होऊन जातात.

लेन्स आणि बॉडीचं स्टॅबिलायझेशन बंद. ट्रायपॉडवर काही यंत्रणा नसलेला कंप शोधत बसतात आणि स्वतःच चित्र हलवतात.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो हे खरं, पण ऑटोवर प्रत्येक फ्रेमचा प्रीव्ह्यू वेगळ्या रंगात दिसतो आणि ॲपर्चर बरोबर आहे की नाही याचा अंदाजच येत नाही. डेलाइटवर ठेवा आणि विसरा.

काजवा
वाखु (वाचनखूण) साठवली. दोन शंका. जास्त फुलं हवी असतील तर सरळ ३० सेकंद शटर उघडं का ठेवू नये? आणि रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा सेल्फ टायमर चालेल का?

तिपाई
दुसरी शंका आधी. सेल्फ टायमर नाही चालत, कारण तुम्ही बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी शटर उघडतं आणि तोवर फूल अर्धं विझलेलं असतं. कंप टाळता येतो, पण वेळ साधत नाही. मोबाइल ॲपवरून शटर मारलं तरी थोडा उशीर होतो, शिवाय गर्दीत जोडणी तुटते ती वेगळीच. केबल रिमोट ही या कामातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. बटण पुढे सरकवून अडकवता येईल असा घ्या, म्हणजे बल्बमध्ये अंगठा दाबून बसावं लागत नाही. प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा असतो, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचाही वेगळा असू शकतो. कॅमेऱ्याला लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

अगदीच नसेल तर बल्ब सोडा. मॅन्युअलवर चार सेकंद लावा, ड्राइव्ह सिंगलवर, आणि बटण हळू दाबून बोट लगेच उचला. दाबताना बसलेला झटका चार सेकंदांतला पहिला छोटासा तुकडा असतो. तेवढ्यात फक्त वर जाणारी शेपटी असेल तर तो दिसतही नाही.

ट्रायपॉडबद्दल: मधला खांब वर काढू नका. उंची हवी असेल तर पायांची घ्या. वारा असेल तर मधल्या हुकला पिशवी अडकवा, पण ती लोंबकळती ठेवू नका. जमिनीला जेमतेम टेकू द्या, नाहीतर तीच लंबक होऊन ट्रायपॉड हलवते. गळ्यातला पट्टा काढून ठेवा, तो वाऱ्यात फडफडतो. आणि लाकडी फळ्यांचा धक्का, पादचारी पूल, पत्र्याची गच्ची अशा जागी ट्रायपॉड कितीही भारी असला तरी शेजारून माणूस चालला की रेघेला नागमोड येणारच.

निशाचर
> सरळ ३० सेकंद शटर उघडं का ठेवू नये?

कारण आकाश आणि धूर हलत नाहीत. रेघ तीस सेकंदांतही तेवढीच उजळ येईल, पण मागचं काळं आकाश तपकिरी होत जाईल. त्याच जागी लागोपाठ पाच-सहा फुलं उमलली की मधला भाग नुसता पांढरा गोळा होतो, कारण सगळ्या रेघा तिथूनच निघतात आणि गोळा फुटतानाचा लखलखाटही तिथलाच.

यावर जुना उपाय म्हणजे काळा पुठ्ठा. लेन्सच्या तोंडापेक्षा मोठा, चकाकी नसलेला, शक्यतो काळं कापड चिकटवलेला. शटर बल्बमध्ये उघडून अडकवायचं, पुठ्ठा लेन्ससमोर धरायचा. गोळा वर निघाला की बाजूला, फूल विझलं की परत समोर. अशी दोन-तीन फुलं जमली की शटर बंद. फुलांमधला रिकामा वेळ सेन्सरला दिसतच नाही, त्यामुळे आकाश काळं राहतं. पुठ्ठा लेन्सला टेकवायचा नाही, एक-दोन सेंटिमीटर पुढे धरायचा. हातात मोबाइलचा उजेड असेल तर तो पुठ्ठ्यावरून परतून लेन्समध्ये जातो, तेवढं सांभाळा.

एका फ्रेममध्ये तीन फुलांच्या वर जाऊ नये असं माझं मत. त्यानंतर मोजदाद वाढते, चित्र वाढत नाही.

दारूगोळा
दारूकामाच्या बाजूने थोडं लिहितो, म्हणजे शटर कधी उघडायचं याचा अंदाज येईल.

मोठ्या कार्यक्रमात उडतो तो गोळा. तो नळीत ठेवलेला असतो. खालची दारू पेटली की तो वर फेकला जातो, त्याच वेळी त्याची आतली वात पेटते, आणि वर पोचता पोचता मधली दारू फुटून आतले स्टार चौफेर उधळले जातात. स्टार म्हणजे रंगाची छोटी गोळी. तुमच्या फोटोतली प्रत्येक रेघ एकेका स्टारची.

उंचीचा ढोबळ हिशेब असा: गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण शंभर फूट. तीन इंची गोळा नव्वद मीटरच्या आसपास फुटतो, सहा इंची १८० मीटरच्या. सुटण्यापासून फुटण्यापर्यंत लहान गोळ्याला दोन-तीन सेकंद लागतात, मोठ्याला चार-पाच.

आता आवाज. नळीतून सुटताना 'धप्प' होतं आणि त्यावर शटर उघडा असा सल्ला बरेचदा दिला जातो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुम्ही ३०० मीटरवर असाल तर धप्प ऐकू येईपर्यंत एक सेकंदही गेलेला नसतो, गोळा अजून वर चढतोय, सल्ला बरोबर. तुम्ही एक किलोमीटरवर असाल तर आवाज यायला तीन सेकंद लागतात आणि तोवर लहान गोळ्याचं फूल उमललेलं असतं. लांबून फोटो काढताना कानांवर विसंबू नका. वर चढणारी ठिणग्यांची शेपटी दिसली की उघडा. काही गोळ्यांना शेपटी नसते. तिथे एक-दोन उडालेले पाहून लय पकडावी लागते.

बंद कधी करायचं हे प्रकारावर. शेवंतीसारखं गोल फूल दोन-तीन सेकंदांत आटोपतं. सोनेरी, खाली ओघळत येणारं विलो पाच-सात सेकंद रेंगाळतं, आणि त्याची सगळी शोभा शेवटच्या ओघळात आहे. ते मधेच कापलं तर छत्रीच्या नुसत्या काड्या हाती लागतात. हृदय, कडं, हसरा चेहरा अशा आकृत्यांचे गोळे असतात, त्यांचं मात्र नेमकं उलट. स्टार बाहेर पळत असल्यामुळे तीन सेकंदांत कड्याची चकती होते आणि हृदयाची झाडू. अर्ध्या सेकंदाच्या आत उरकायचं. आणि निशाचर यांनी वर सांगितलंय त्यामुळे ॲपर्चर बदलायची गरज नाही, फक्त वेळ कमी.

रंगांचं रसायन फोटोवाल्यांना कामाचं आहे. लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. चंदेरी-पांढरा ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा टायटॅनियमचा, आणि मळकट सोनेरी कोळशाचा. यातला निळा सगळ्यात अवघड. तांब्याचं जे संयुग निळा प्रकाश देतं ते जास्त तापमानाला टिकत नाही, म्हणून निळा स्टार बेताच्या आचेवरच जाळावा लागतो आणि तो मंदच राहतो. पांढरा त्याच्या कितीतरी पट झगझगीत. म्हणजे निळा-जांभळा क्रम चालू असेल तर एफ/८, आणि चंदेरी सुरू झालं की एफ/१६. दोन्ही एकाच गोळ्यात असतील तर पांढऱ्याकडे बघून ठरवा. निळा नंतर थोडा उचलता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही.

खिडकीतून
लेन्स कोणती न्यायची? एकच नेता येणार असेल तर?

तिपाई
अंतर माहीत असेल तर सरळ गणित आहे. सहा इंची गोळा १८० मीटरवर फुटला आणि फुलाचा व्यास दीडशे मीटर धरला तर फुलाचं वरचं टोक २५५ मीटरवर. तुम्ही ३०० मीटरवर उभे असाल तर ते क्षितिजापासून ४० अंश वर दिसेल, ५०० मीटरवरून २७ अंश, एक किलोमीटरवरून १४ अंश. खाली जमीन किंवा पाणी घ्यायला आणखी पाच ते दहा अंश जोडा.

फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) कॅमेरा उभा धरला तर ३५ मिमी लेन्स उभ्या दिशेने ५४ अंश दाखवते, ५० मिमी चाळीस, ८५ मिमी चोवीस. म्हणजे ३०० मीटरला ३५, अर्ध्या किलोमीटरला ५०, एक किलोमीटरला ८५. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर या आकड्यांना दीडने भागा. कॅनन असेल तर १.६ ने. १८-५५ ची साधी किट लेन्स यातलं सगळं करते. एफ/११ वर वापरायची असल्यामुळे महागड्या एफ/१.८ लेन्सचा इथे काडीचा फायदा नाही.

गणित नको असेल तर हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण दहा अंश. क्षितिजापासून चार मुठी मोजल्या की ३०० मीटरवरून फूल कुठवर जाईल ते कळतं. पहिले दोन गोळे उडेपर्यंत थोडी जास्त रुंद चौकट ठेवा, मग आवळा. वरून कापलेलं फूल नंतर दुरुस्त होत नाही.

खिडकीतून
धन्यवाद. आणि फोकस? अंधारात ऑटोफोकस पुढेमागेच करत बसतो.

तिपाई
तो करणारच, काळ्या आकाशात त्याला पकडायला काही नसतं. कार्यक्रमाआधी, शक्यतो थोडा उजेड असताना, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) दहापट मोठा करून आतषबाजीच्या अंतरावरच्या एखाद्या दिव्यावर हाताने फोकस करा. दिव्याचा ठिपका सगळ्यात लहान होईल तिथे थांबा. मग लेन्सवरची कळ एमएफवर (मॅन्युअल फोकस) आणि रिंगवर चिकटपट्टीचा तुकडा. झूम लेन्स असेल तर झूम आधी ठरवा. बऱ्याच झूम लेन्समध्ये झूम हलवला की फोकसही सरकतो.

रिंग पार टोकापर्यंत फिरवून 'अनंत' समजू नका. ऑटोफोकस लेन्सची रिंग अनंताच्याही पलीकडे जाते, मुद्दाम तशी केलेली असते, आणि तिथे सगळंच मऊ येतं. पुढच्या वस्तूंची काळजी नको: फुल फ्रेमवर २४ मिमी आणि एफ/११ ला हायपरफोकल अंतर पावणेदोन मीटर आहे, दूरच्या दिव्यावर फोकस केला तरी त्यापलीकडचं सगळं रेखीव येईल. ५० मिमीला मात्र हेच अंतर साडेसात मीटरच्या आसपास जातं.

समोरचा यूव्ही फिल्टर काढा. समोर उजळ दिवे असले की फिल्टर आणि लेन्स यांच्यात प्रकाश उलटसुलट होऊन आकाशात हिरवट भुतं उमटतात. हूड लावा, राख पडते.

धुरकट
धुराबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, आणि अर्धे फोटो त्यानेच जातात.

वारा तुमच्या पाठीमागून आतषबाजीकडे जात असेल तर उत्तम. धूर फुलांच्या मागे जातो आणि राखही तुमच्यावर येत नाही. वारा आडवा असेल तरी चालतं. वारा तोंडावर येत असेल तर जागा बदला, दुसरा इलाज नाही, कारण पाचव्या मिनिटाला तुमच्या आणि फुलांच्या मध्ये पडदा उभा राहणार. जमिनीवर वारा एक दिशा दाखवतो आणि दीडशे मीटरवर दुसरी, हेही होतं. त्यामुळे ढग किंवा उंच चिमणीचा धूर पाहा, हातातला रुमाल नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे वारा अजिबात नसणं. धूर जागीच साचतो आणि पुढचं प्रत्येक फूल त्याला आतून उजळतं, तांबूस कापसासारखं. अशा वेळी शटर दोन सेकंदांवर आणा आणि काळा पुठ्ठा विसरा. एका फ्रेममध्ये एकच फूल. पहिली चार-पाच मिनिटं आकाश स्वच्छ असतं, तेव्हाच मन लावून काढा. बरेच जण सुरुवातीला सेटिंगशी झटतात आणि हात बसेपर्यंत धूर भरलेला असतो.

मोजूनमापून
मला हा बल्ब आणि पुठ्ठ्याचा खटाटोप गरजेचा वाटत नाही. मॅन्युअलवर तीन सेकंद, एफ/११, आयएसओ १००, ड्राइव्ह कंटिन्युअस, रिमोट अडकवून ठेवायचा. कॅमेरा आपला लागोपाठ फोटो काढत राहतो, दोन फ्रेममधलं अंतर सेकंदाच्या छोट्या अंशाचं. नंतर संगणकावर हव्या त्या फ्रेम निवडून लाइटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ पिक्सेल ठेवणारा) एकावर एक ठेवायच्या. ट्रायपॉड हलला नसेल तर जुळवायचीही गरज नाही. माणूस मोकळा, डोळे आकाशाकडे.

निशाचर
पद्धत चांगली आहे, पण दोन अडचणी. फूल दोन फ्रेममध्ये कापलं जातं आणि जोडताना प्रत्येक रेघेत बारीक खाच दिसते. विलोमध्ये ती फार खुपते. दुसरं, लागोपाठ रॉ लिहिताना कार्ड संथ असेल तर ऐन रंगात बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो. तीन सेकंदांच्या फ्रेमला सहसा भरत नाही, पण अर्ध्या सेकंदावर आलात की भरेल.

मोजूनमापून
खाच मान्य. पण बल्बमध्ये चुकलेली फ्रेम पूर्णच जाते, इथे कच्चा माल तरी हातात राहतो. इमारतींसाठी सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी, आकाशात निळं असताना, त्याच चौकटीत एक वेगळी फ्रेम काढून ठेवली की तीही याच थरांत बसवता येते. फक्त अशी जोडणी एका क्षणाचा फोटो म्हणून दाखवू नये, 'इतक्या फ्रेम एकत्र' असं खाली लिहावं.

ऑलिंपसच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत लाइव्ह कॉम्पोझिट आहे, तो हेच काम कॅमेऱ्यातच करतो. आधीपेक्षा उजळ झालेले पिक्सेलच जोडतो, त्यामुळे आकाश फुगत नाही आणि फोटो भरत जाताना पडद्यावर दिसतो. पुरे वाटलं की थांबायचं.

काजवा
कॅमेरा नसलेल्यांनी काय करायचं? मोबाइलवर नाइट मोड लावला तर फुलांचा लोळागोळा होतो.

निशाचर
नाइट मोड बंदच ठेवा. तो बऱ्याच छोट्या फ्रेम घेऊन त्या जुळवायला जातो. हलणाऱ्या रेघा त्याच्या दृष्टीने चूक असते, म्हणून कुठे पुसतो, कुठे तुकडे करतो.

मोबाइलची खरी अडचण ॲपर्चरची आहे. मुख्य लेन्स एफ/१.८ च्या आसपास असते आणि ती बंद-उघड होत नाही. एफ/११ च्या तुलनेत रेघ जवळपास ३७ पट उजळ पडते. म्हणून मोबाइलमध्ये फुलं पांढरी येतात, आणि शटर कितीही कमीजास्त केलं तरी पांढरीच राहतात. आयएसओ ५० वर आणला की रेघेचा उजेड निम्मा होतो, बस. बाकीचं एनडी फिल्टरने (उजेड कमी करणारी काळसर काच) आणायचं: एनडी८ तीन स्टॉप कापतो, एनडी३२ पाच (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). क्लिपवाले मिळतात. प्रो मोडमध्ये आयएसओ ५०, शटर दोन सेकंद, फोकस अनंतावर, मोबाइल ट्रायपॉडवर किंवा कठड्याला नीट टेकवून, आणि फोटो आवाजाच्या बटणाऐवजी इअरफोनच्या बटणावरून.

आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने लावता येत नाही. तिथे लाइव्ह फोटो चालू करा, एका फुलावर बोट दाबून एई/एएफ (एक्स्पोजर आणि फोकस) लॉक करा, एक्स्पोजर खाली ओढा. लाइव्ह फोटो बटण दाबण्याच्या दीड सेकंद आधीचं आणि दीड सेकंद नंतरचं नोंदवतो. नंतर त्यावर लाँग एक्स्पोजर इफेक्ट लावला की रेघा मिळतात. बटण फूल उमलताना दाबायचं, आधी नाही.

आणि फ्लॅश बंद. शंभर मीटरवर त्याचा उपयोग शून्य, समोरच्यांची टाळकी मात्र उजळून निघतात.

दारूगोळा
शेवटच्या धडाक्याबद्दल राहिलं. शेवटच्या मिनिटाभरात एकाच वेळी डझनावारी गोळे, त्यात पांढरे जास्त, आणि धूर आधीच भरलेला. तोवर जमलेलं सेटिंग इथे हमखास जळतं. धडाका सुरू व्हायच्या आधी बहुतेक वेळा छोटी शांतता असते. तेवढ्यात एफ/१६ आणि शटर एक सेकंद. चौकट थोडी रुंद करा.

डार्करूम
> एफ/१६

एपीएस-सीवर एफ/१६ ला विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) थोडा मऊपणा येतो, एफ/२२ ला तो स्पष्ट दिसतो. एनडी४ फिल्टर लावून एफ/८ वर राहिलात तर रेघेचा उजेड एफ/१६ इतकाच आणि धार शाबूत. पण धडाक्याच्या ऐन वेळी अंधारात फिल्टर आट्यावर बसवायला जाऊ नका. सुरुवातीपासून लावून ठेवा आणि नेहमीच्या रंगांना एफ/५.६ आणि फिक्यांना एफ/४ वर या.

संपादनाबद्दल थोडं. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघताना पांढरा एकत्रित आलेख बघू नका, लाल-हिरवा-निळा वेगवेगळे बघा. एकत्रित आलेख सुखरूप दिसतो आणि लाल वाहिनी केव्हाच भिंतीला टेकलेली असते. लाल फूल आधी नारिंगी, मग पिवळं, मग पांढरं होत जातं ते यामुळे. पडद्यावर लाल फूल पिवळट दिसलं की ॲपर्चर एक स्टॉप बंद करा. फुलाच्या अगदी मध्यावरचा ठिपका जळणारच, त्याच्या मागे लागू नका. रेघेच्या मधल्या भागात रंग आहे का एवढंच बघा. रेघेची टोकं थोडी जास्त उजळ येतात, कारण हवेच्या विरोधाने स्टार मंदावतो आणि एकेका पिक्सेलवर जास्त रेंगाळतो.

रॉमध्ये आधी हायलाइट खाली, मग ब्लॅक खाली, आकाश काळं होईपर्यंत. शॅडो वर ओढण्याचा मोह टाळा, त्यातून फक्त धूर आणि नॉइज वर येतात. डीहेझ (धूसरपणा कमी करणारा स्लायडर) धुरावर काम करतं पण १५-२० च्या पुढे रंग भडक आणि फुलाभोवती काळी कड. इमारती सोडियमच्या दिव्यांनी पिवळ्या दिसत असतील तर व्हाइट बॅलन्स सगळ्या फोटोचा हलवू नका, नाहीतर सोनेरी विलो राखाडी होतो. मास्क करून खालचा भागच थंड करा.

मोजूनमापून
अवांतर: फोकस फिरवण्याचा प्रयोगही करून बघण्यासारखा आहे. फोकस मुद्दाम जवळ आणून ठेवायचा, फूल उमलताना शटर उघडायचं आणि दीड-दोन सेकंदांत रिंग अनंताकडे फिरवायची. रेघ मधे जाड आणि टोकाला बारीक होते, फूल पाकळ्यांचं दिसतं. चिकटपट्टी काढावी लागते, अनंताची खूण दुसऱ्या पट्टीने करून ठेवा, ॲपर्चर एफ/८ च्या आसपास. बहुतेक फ्रेम वाया जातील. कार्यक्रमाच्या मध्यावर करा, सुरुवातीला किंवा धडाक्यात नाही.

खिडकीतून
एक शेवटचं. काही फोटोंत रेघा नागमोडी दिसतात. ट्रायपॉड हलला की स्टारच तसा पळतो?

तिपाई
फोटो १०० टक्के मोठा करा आणि इमारतीचे दिवे बघा. दिवेही त्याच आकारात वळवळलेले असतील तर ट्रायपॉड हलला. दिवे ठिपक्यासारखे स्थिर आणि रेघाच नागमोडी असतील तर ते गोळ्याचं काम आहे. वळवळत पळणाऱ्या माशांचे गोळे मुद्दाम तसे बनवतात. दिव्याला ठिपक्यातून निघालेली एकच छोटी शेपटी असेल तर शटर दाबताना बोटाचा झटका. आणि चौकटीत एकही दिवा नसेल तर सगळ्या रेघा एकाच क्षणी एकाच दिशेला वळतात का ते बघा. स्टार आपापले वळतात, ट्रायपॉड सगळ्यांना एकदम वळवतो.